साथ आली की कोणती राज्यपद्धत टिकते? वादासाठी मुद्दे हवेत

दुपारचा_वाचक (धागाकर्ता)

आमच्या वाचनगटाच्या पुढच्या बैठकीत वादाचा विषय आहे: महासाथीत लोकशाही बरी की एकहाती कारभार? माझ्याकडे लोकशाहीची बाजू आली आहे. ती मला मनापासून पटते, पण पटणं वेगळं आणि चार माणसांसमोर उभं राहून मांडणं वेगळं.

समोरची मंडळी चीन काढणार हे नक्की. २३ जानेवारी २०२० ला वुहान बंद, एक कोटीहून जास्त माणसं एका हुकमावर घरात, दहा दिवसांत हजार खाटांचं रुग्णालय उभं. मी न्यूझीलंड आणि तैवान म्हटलं की ते म्हणतील, बेटं आहेत, बेटांचं सोपं असतं. मी जर्मनी म्हटलं की ते म्हणतील, दुसऱ्या लाटेत काय झालं? अशी देशांची नावं एकमेकांच्या अंगावर फेकण्यातच वेळ जाणार. कुणी या कामात असेल किंवा नीट वाचलं असेल तर सांगा, मुळात तुलना करायची ती कशावर?

सरळसोट

तुलनेचं एवढं अवघड काय आहे? किती माणसं मेली ते मोजा, संपलं.

व्हिएतनाम घ्या. चीनला लागून सीमा, पैसा बेताचा, एकपक्षीय राजवट. जुलै २०२० च्या शेवटापर्यंत कोविडने एकही मृत्यू नोंदला नव्हता. रुग्ण म्हणजे एफ-शून्य, त्याच्या संपर्कातला एफ-एक, त्याच्याही संपर्कातला एफ-दोन, अशी यादी करून माणसं शोधली आणि अलगीकरणात नेऊन ठेवली. तिकडे अमेरिकेत काय, तर राज्यं व्हेंटिलेटरसाठी एकमेकांवर बोली चढवत होती! स्वातंत्र्य, हक्क वगैरे शांततेच्या काळात छान असतं. विषाणू काही विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकून घेत नाही. वाचकराव, बाजू बदलून मागा.

आकडेबाई

मी सरकारी आरोग्यखात्यात सांख्यिकी शाखेत होते, आता निवृत्त. कुठे, कधी ते विचारू नका, सांगणार नाही. पण 'किती माणसं मेली ते मोजा, संपलं' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. सरळसोट, ते मोजायचं काम मी जन्मभर केलंय. संपत नाही हो ते.

आमच्याकडे साथीचा रोजचा तक्ता असायचा. आजचे नवे रुग्ण, आजचे मृत्यू, आजवरची बेरीज. मी सांगतेय ती साथ कोविडच्या बरीच आधीची, जुलाब-उलट्यांची. संध्याकाळी आकडे वर गेले की फोन यायचा: "बाई, हा आकडा पक्का आहे ना?" आकडा कालच्यापेक्षा कमी असला तर हा फोन यायचा नाही. सगळ्या नोकरीत एकदाही कुणी मला "खोटं लिहा" म्हटलं नाही. म्हणायचे, "फेरतपासणी करा, उद्या पाठवा." उद्या पाठवलेला आकडा परवाच्या तक्त्यात चढतो आणि तोवर साथ पुढच्या चार गावांत पोचलेली असते. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो, त्यात हमखास काय असायचं? 'हृदयक्रिया बंद पडणे.' अहो, ती सगळ्यांचीच बंद पडते!

हे सांगायचं कारण असं की देशांची तुलना करायला बसलात तर आधी बघा, त्या देशात खालच्या टेबलावरची वाईट बातमी वर जायला किती वेळ लागतो आणि ती पाठवणाऱ्याचं पुढे काय होतं. राज्यपद्धतीची परीक्षा तिथे होते. रुग्णालय दहा दिवसांत बांधलं का, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता तुमचं वुहान. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर चीनने मोठा खर्च करून संसर्गजन्य रोगांची ऑनलाइन नोंद करायची यंत्रणा उभी केली होती, खालच्या रुग्णालयातली माहिती थेट वर दिसावी म्हणून. म्हणजे यंत्राची कमी नव्हती. ३० डिसेंबर २०१९ ला ली वेनलियांग या डोळ्यांच्या डॉक्टरने आपल्या वर्गमित्रांच्या गटात लिहिलं की सार्ससारखं काहीतरी दिसतंय, सांभाळा. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून 'अफवा पसरवल्या' अशा समजपत्रावर त्याची सही घेतली. हा रोग माणसाकडून माणसाला होतो, हे सरकारी तज्ज्ञपथकाचे प्रमुख झोंग नानशान यांनी जाहीर सांगितलं २० जानेवारीला. २७ तारखेला वुहानचे महापौर सरकारी दूरचित्रवाणीवर म्हणाले की स्थानिक सरकार म्हणून आम्हाला परवानगी मिळाल्याशिवाय माहिती जाहीर करता येत नाही. शहर बंद होण्याआधी सुमारे ५० लाख लोक बाहेर पडून गेले होते, हेही त्यांनीच सांगितलं. ली वेनलियांग त्याच रोगाने ७ फेब्रुवारीला गेला. चौतीस वर्षांचा होता.

ज्या ताकदीने एका रात्रीत एक कोटी लोकांना घरात बसवलं, त्याच ताकदीने आधीचे तीन आठवडे तोंडं बंद ठेवली. त्यातली पहिली तेवढी ठेवून घेऊ आणि दुसरी परत करू, असं चालत नाही.

पण वाचकराव, तुम्ही लगेच खूश होऊ नका. आता तुमच्या बाजूला न मानवणारी गोष्ट.

१८९२ चं हॅम्बुर्ग. जर्मन साम्राज्यात असूनही स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं बंदर. राजा नाही, सिनेट आणि निवडून आलेली सभा. म्हणजे तुमचीच बाजू. मतदार मात्र ठरावीक पैसेवाले: व्यापारी, घरमालक. एल्बे नदीचं पाणी न गाळता नळाला सोडत होते, कारण वाळूच्या गाळण्यांचा खर्च कुणी उचलायचा यावर वर्षानुवर्षं घोळ चालला होता. ऑगस्टच्या मध्याला पटकीने (कॉलऱ्याने) माणसं मरायला लागली. कबूल करावं तर बंदरातून सुटलेली जहाजं दुसरीकडे कुणी धक्क्याला लागू देईना, व्यापार ठप्प. कबुली यायला आठवडा गेला. एवढ्या दिवसांत जहाजं सुटत राहिली आणि नळही वाहत राहिले.

लगतच अल्टोना, प्रशियाच्या राज्यात. प्रशियाला लोकशाही म्हणण्याचं धाडस कुणी करणार नाही. तिथलं पाणी त्याच नदीचं, उलट हॅम्बुर्गच्या गटारांच्या खालच्या अंगाने घेतलेलं, पण वाळूतून गाळलेलं. दोन्ही शहरांची हद्द जिथे रस्त्यावरून जायची तिथे एका बाजूच्या घरांत पटकी, समोरच्या बाजूला जवळपास काही नाही. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला बर्लिनहून धाडलं, त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. हॅम्बुर्गमध्ये ८ हजारांवर माणसं मेली.

निवडणुका होत्या की तिथे! पण वाईट बातमीने ज्यांचं नुकसान होणार त्यांच्याच हातात बातमीची किल्ली होती, आणि न गाळलेलं पाणी पिऊन मरणाऱ्या गोदी कामगारांना मत नव्हतं. तेव्हा नुसतं 'लोकशाही' म्हणून भागत नाही, कुणाची लोकशाही तेही सांगावं लागतं.

आता मृत्यूंच्या यादीकडे. पेरू देशाने ३१ मे २०२१ ला आपला आकडा एका दिवसात सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. तज्ज्ञांची समिती बसवली, जुने दाखले पुन्हा तपासले आणि जाहीर केलं. त्याच दिवशी लोकसंख्येच्या मानाने तो जगातला सर्वांत वाईट देश ठरला. तुर्कमेनिस्तानने अधिकृतपणे एकही रुग्ण मान्य केलेला नाही. सरळसोट यांच्या पद्धतीने यादी लावली तर तुर्कमेनिस्तान पहिला आणि पेरू शेवटचा. मी त्या समितीत असते तर तो कागद फ्रेम करून लावला असता.

ब्राझीलचं पाहा. अध्यक्ष बोल्सोनारो निवडून आलेले, रोगाला 'किरकोळ फ्लू' म्हणणारे. जून २०२० मध्ये त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने संकेतस्थळावरून एकूण मृत्यूंची बेरीजच काढून टाकली. (हे वाचलं तेव्हा तो फोन आठवला. इथे तर रकानाच गायब!) पण चारच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावायला लावली, आणि तोवर मोठ्या वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन राज्यांकडून थेट आकडे गोळा करायला सुरुवात केली होती. माणसं तिथे भरपूर मेली, कारभार वाईटच होता. पण आकडा लपला नाही. टांझानियात मागुफुली हेही निवडून आलेलेच अध्यक्ष. मे २०२० नंतर त्यांनी आकडे देणंच बंद केलं. ५०९ रुग्णांवर देशाचा आकडा थिजला तो ते वारेपर्यंत तसाच. दोन्हीकडे खुर्चीवरचा माणूस एकाच मताचा. एका ठिकाणी त्याला अडवणारं कुणीतरी होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये हिशेब मांडला: २०२० आणि २०२१ मिळून नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख जास्त मृत्यू. देशांनी कळवलेले होते ५४ लाखांच्या आसपास. भारतासाठी त्यांचा अंदाज ४७ लाख, सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार, आणि भारत सरकारने ती मोजायची पद्धतच अमान्य केली. या वादात मी इथे पडत नाही, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि तिथे मारामारी होते. पण 'किती मेले ते मोजा' म्हणताना एवढी दरी ध्यानात असू द्या.

कायद्याचं_पान

आकडेबाई, प्रतिसाद साठवून ठेवला. फक्त आकड्यांबरोबर अधिकारांकडेही बघायला हवं, कारण साथीत प्रत्येक सरकार जादा अधिकार मागतं. लोकशाहीसुद्धा मागते, आणि मागावेच लागतात.

हंगेरीने ३० मार्च २०२० ला कायदा केला: सरकार फर्मानाने कारभार करेल, मुदत लिहिलेली नाही. जूनमध्ये तो मागे घेतला खरा, पण नवे मार्ग मोकळे ठेवून. जादा अधिकारांनी जादा जीव वाचले म्हणावं तर २०२१ च्या वसंतात लोकसंख्येच्या मानाने हंगेरीचे मृत्यू जगात सर्वाधिक असलेल्यांत मोजले जात होते.

न्यूझीलंडनेही त्याच सुमारास देश बंद केला आणि संसद तहकूब झाली. पण जाताना संसदेने एक समिती नेमली, सरकारच्या साथ-कारभाराची चौकशी करणारी, आणि तिच्या अध्यक्षपदी विरोधी पक्षनेता बसवला. मंत्री आणि अधिकारी तिच्यासमोर येऊन उत्तरं द्यायचे आणि लोकांना ते घरबसल्या बघता यायचं. पुढे एक वकील कोर्टात गेला. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालय म्हणालं की टाळेबंदी आवश्यक होती, तरीही पहिल्या नऊ दिवसांचा 'घरात राहा' हा हुकूम कायद्याने दिलेला नव्हता. वाचकराव, मुद्दाम वाचा हा निकाल. देश साथीत जगात पहिल्या ओळीत, पंतप्रधान लोकप्रिय, निवडणूक दोन महिन्यांवर, आणि कोर्ट सांगतंय की नऊ दिवस तुम्ही बेकायदा वागलात. आभाळ काही कोसळलं नाही.

सरळसोट

वाचलं सगळं. हॅम्बुर्ग माहीत नव्हतं, तेवढं मान्य. पण दोन गोष्टींना उत्तर द्या.

एक, दक्षिण कोरिया तुमच्या लोकशाहीच्या यादीत आहे ना? तिथे रुग्णाचं बँक कार्ड, मोबाइल, रस्त्यावरचे कॅमेरे सगळं धुंडाळून तो कुठल्या दुकानात किती वाजता होता ते लोकांच्या फोनवर पाठवत होते. हे चीनने केलं की पाळत आणि कोरियाने केलं की कार्यक्षमता?

दोन, अमेरिका. कोर्टं मोकळी, पत्रकार मोकळे, राज्यं मोकळी, आकडे रोज जाहीर. तरी दहा लाखांवर माणसं गेली. तुमची वाईट बातमी तिथे वर गेलीच होती की. उपयोग काय झाला?

आकडेबाई

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, म्हणून आधी तोच घेते.

बातमी वर जाणं आणि तिच्यावर हालचाल होणं यात अंतर असतं, आणि ते अंतर कापायला बऱ्याच वेळा लोकांचा भरवसा लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, साथीच्या तोंडावर, देशांच्या आरोग्य-सज्जतेचा एक जागतिक निर्देशांक निघाला होता. १९५ देशांत पहिली अमेरिका, दुसरं ब्रिटन! पुढे काय झालं ते माहीतच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७७ देश-प्रदेशांचा अभ्यास आला. सज्जतेचे गुण, लोकशाहीचे गुण, यांचा संसर्गाशी धड मेळ बसला नाही. सरकारवरचा विश्वास आणि लोकांचा एकमेकांवरचा विश्वास, यांचा मात्र बसला. आमच्या तक्त्यांत हा रकाना कधीच नव्हता. अमेरिकेत तोंडाला पट्टी बांधणं म्हणजे कोणत्या पक्षाला मत देता ते सांगणं होऊन बसलं, मग आकडे रोज छापून येऊन काय होणार? म्हणजे हो, माझं मोजमाप तिथे अपुरं पडतं.

आता कोरिया. २०१५ ला तिथे मर्स हा कोविडच्याच कुळातला श्वसनरोग आला होता. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. संसर्ग रुग्णालयांतूनच पसरत होता आणि सरकारने सुरुवातीला रुग्णालयांची नावं लपवून ठेवली. लोक भयंकर चिडले. त्यानंतर कायदा बदलला, तो दोन्ही अंगांनी: सरकारला रुग्णाचा माग काढायचा अधिकार आणि लोकांना माहिती मिळायचा अधिकार. तुम्ही म्हणता ते संदेश त्यातूनच आले. त्यात अतिरेक झाला का? झाला. माणसं ओळखू येत होती, बदनाम होत होती. मे २०२० मध्ये सोलच्या इटेवॉन भागातल्या क्लबांतून संसर्ग पसरला तेव्हा तिथे गेलेले समलिंगी लोक ओळख फुटेल या भीतीने तपासणीलाच येईनात. मग सोलमध्ये नाव न सांगता तपासणी सुरू केली आणि रांगा लागल्या. पाळत ती पाळतच, सरळसोट, तुमचं बरोबर आहे. पण ती उलटतेय हे तिथे दिसलं, बोललं गेलं आणि दिवसांत बदललं. त्याआधी १५ एप्रिलला भर साथीत निवडणूकही घेतली त्यांनी, हातमोजे घालून, ६६ टक्के मतदान.

उलट बाजूला चीन २०२२. विषाणू बदलला, लसी आल्या, जवळजवळ सगळ्या जगाने धोरण बदललं. न्यूझीलंडने तर ऑक्टोबर २०२१ मध्येच 'शून्य रुग्ण' सोडत असल्याचं सांगितलं होतं. शांघायमध्ये एप्रिल-मे २०२२ ला अडीच कोटी लोक घरात. का? कारण 'आमची पद्धत जगात श्रेष्ठ' हे वरून जाहीर झालेलं होतं, आता ती बदलावी असं खालून लिहिणार कोण? २४ नोव्हेंबरला उरुमची शहरात इमारतीला आग लागून दहा जण गेले, निर्बंधांमुळे त्यांना सुटता आलं नाही असं म्हणत लोक निषेधाचे कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले, आणि ७ डिसेंबरला बहुतेक निर्बंध एकदम उठले. तेही थंडीच्या तोंडावर, ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त लोकांना लसीची वर्धक मात्रा (बूस्टर) मिळालेली नसताना. तीन वर्षं हातात होती. एकेका इमारतीला कुलूप लावता येणाऱ्या सरकारला म्हाताऱ्यांपर्यंत सुई नेता येत नव्हती, हे मी तरी मानणार नाही. तो आकडा कुणी लावून धरला नाही.

दुपारचा_वाचक (धागाकर्ता)

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आकडेबाई, कायद्याचं_पान, आभार. सरळसोट, तुमचे दोन्ही प्रश्न बैठकीत येणार हे धरून चालतो. एकच विचारतो: सिंगापूर कुठे बसवू? समोरचे ते काढतीलच, आणि ते धड इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

आकडेबाई

न बसवता तसंच सांगा, मधलंच आहे ते. सुरुवातीचं काम उत्तम, मग एप्रिल २०२० मध्ये परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथ भडकली. एकेका खोलीत दाटीने राहणारे लोक, ज्यांना तिथे मत नाही. हॅम्बुर्गच्या गोदी कामगारांचेच भाऊबंद म्हणा.

आणि ट्रेसटुगेदर या अ‍ॅपचं सांगा. आधी लोकांना शब्द दिला होता की माहिती फक्त संपर्क शोधण्यासाठी. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत प्रश्न आला तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं, गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही घेऊ शकतात. लोक भडकले. फेब्रुवारीत कायदा करून ती मुभा सात गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांपुरती आणली. समोरच्यांनी सिंगापूर काढलं तर विचारा, हा प्रश्न संसदेत आलाच नसता तर कुणाला कळलं असतं?

बैठकीत काय झालं ते इथे लिहा. आणि कुणी व्हिएतनामचं २०२० सांगितलं तर त्याला २०२१ चा उन्हाळाही सांगायला लावा. डेल्टा आल्यावर हो ची मिन्ह शहरात काय झालं, आणि लसी तिथे उशिरा का पोचल्या. सरळसोट, तो भाग तुम्ही सोयीने सोडलात.

सरळसोट

सोयीने नाही, जेवायला बोलावलं म्हणून. रात्री लिहितो.